लॅनवरील थेट व्हिडिओ प्रक्षेपण

एखाद्या इमारतीच्या किंवा आवाराच्या स्वतःच्या संगणक-जाळ्यावरून (लॅन) कॅमेऱ्यातले किंवा टीव्ही वाहिनीचे चित्र, घडत असतानाच, अनेक पडद्यांवर पोहोचवण्याची पद्धत. यासाठी इंटरनेटची गरज नसते. सभागृह भरल्यावर उरलेल्या श्रोत्यांना शेजारच्या वर्गात भाषण दाखवणे, शस्त्रक्रिया शिकाऊ डॉक्टरांना दुसऱ्या खोलीत पाहता येणे, हॉटेलच्या खोल्यांतील टीव्ही आणि सीसीटीव्ही हे तिचे नेहमीचे उपयोग.

प्रक्षेपणाच्या साखळीत चार कड्या असतात: चित्राचा उगम, ते आकुंचित करणारा एन्कोडर, वाहून नेणारे जाळे आणि दाखवणारा प्लेअर. नवखा माणूस बहुतेक वेळ कॅमेरा आणि सॉफ्टवेअर निवडण्यात घालवतो. प्रक्षेपण फसते ते मात्र बहुधा तिसऱ्या कडीत, आणि तिथला खरा प्रश्न असतो तो चित्राच्या प्रती कुणी काढायच्या हा.

युनिकास्ट पद्धतीत प्रत्येक प्रेक्षकासाठी पाठवणारा संगणकच वेगळी प्रत काढतो. एच.२६४ या आकुंचन-पद्धतीतील १०८०पी (फुल एचडी) चित्राला सेकंदाला साधारण ६ मेगाबिट धरले, तर १०० प्रेक्षकांसाठी ६०० मेगाबिट लागतात. गिगाबिट जोडणीवर ते कसेबसे निभावते. १०० मेगाबिटच्या जुन्या पोर्टवर (केबल जोडायच्या खाचेवर) मात्र १५-१६ प्रेक्षकांतच दम संपतो. मल्टिकास्टमध्ये पाठवणारा एकच प्रत एका गट-पत्त्यावर सोडतो आणि प्रती काढायचे काम स्विच (जाळ्यातल्या केबली एकत्र जोडणाऱ्या पेट्या) करतात. प्रेक्षक ५ असोत की ५००, उगमाकडचा भार ६ मेगाबिटच राहतो. या पद्धतीचा पाया स्टीव्ह डीरिंग यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात घातला. १९८९ चे ‘आरएफसी १११२’ हे तिचे मूळ मानक. २२४.०.०.० ते २३९.२५५.२५५.२५५ हे पत्ते गटांसाठी राखीव असून, खासगी आवारात २३९ ने सुरू होणारे पत्ते वापरण्याचा संकेत आहे.

या कामाचे सर्वांत परिचित साधन म्हणजे व्हीएलसी प्लेअर, आणि तो जन्मलाच मुळी यासाठी. १९९६ मध्ये पॅरिसजवळच्या एकोल सांत्राल या अभियांत्रिकी संस्थेत विद्यार्थ्यांनी ‘व्हिडिओलॅन’ प्रकल्प सुरू केला. उपग्रहावरून येणारे टीव्हीचे चित्र वसतिगृहाच्या जाळ्यावर खोल्याखोल्यांत पोहोचवायचे, हा त्याचा उद्देश. त्यात पाठवणारा सर्व्हर आणि पाहणारा क्लायंट असे दोन भाग होते. व्हीएलसी हे त्यातल्या क्लायंटचे नाव. १ फेब्रुवारी २००१ रोजी प्रकल्प जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली खुला झाला. पुढे पाठवण्याची क्षमताही क्लायंटमध्येच आली. आज लाखो लोक हा प्लेअर फक्त सिनेमे पाहायला वापरतात. त्याच्या मेनूत एक अख्खे प्रक्षेपण केंद्र आहे, हे अधिक लोकांना माहीत असायला हवे.

प्रत्यक्ष मांडणी पाहू. व्हीएलसीच्या ‘स्ट्रीम’ पर्यायात कॅमेरा निवडायचा, पाठवण्याची पद्धत यूडीपी की आरटीपी हे ठरवायचे आणि २३९.२५५.१२.४२ सारखा पत्ता व १२३४ सारखा पोर्ट-क्रमांक द्यायचा. पाहणाऱ्याने ‘नेटवर्क स्ट्रीम’ उघडून तोच पत्ता आणि पोर्ट लिहायचा. चित्र एमपीईजी-टीएस या वेष्टनात जाते. त्याचे पॅकेट १८८ बाइटचे असते आणि इथरनेटच्या (केबलच्या जाळ्याच्या) एका फ्रेममध्ये १,५०० बाइट मावतात. म्हणून ७ पॅकेटांचा १,३१६ बाइटचा गठ्ठा करतात. आठवे घातले की १,५०४ होतात आणि गठ्ठा फुटतो. विंडोजच्या संगणकावर काहीच दिसत नसेल, तर आधी त्याची फायरवॉल तपासावी.

एक दोष हमखास भेटतो. प्रक्षेपण छान सुरू होते आणि चार-साडेचार मिनिटांनी सगळ्यांकडे एकदम थांबते. कोणत्या पोर्टवर कोण पाहते आहे याची नोंद स्विच आयजीएमपी संदेश (प्रेक्षक गटात आल्या-गेल्याचे निरोप) ऐकून ठेवतो. याला स्नूपिंग म्हणतात. ‘अजून पाहताय का?’ असे मधूनमधून विचारणारा क्वेरिअर जाळ्यात नसेल, तर २६० सेकंदांनी ती नोंद बाद होते. एका स्विचवर किंवा राउटरवर क्वेरिअर सुरू केला की दोष जातो. स्नूपिंगच बंद करणे हा उपाय नव्हे; मग चित्र प्रत्येक पोर्टवर ओतले जाते आणि प्रिंटरसारखी किरकोळ साधनेही त्याखाली गुदमरतात.

दुसरी तक्रार उशिराची. व्हीएलसी जाळ्यावरील चित्राचा साधारण १ सेकंदाचा साठा करून मगच दाखवतो. सभागृहाला लागून असलेल्या खोलीत तेवढाही फरक कानाला खटकतो. शिवाय नव्याने आलेल्या प्रेक्षकाला पुढच्या मुख्य चौकटीची (की-फ्रेम, म्हणजे स्वतःपुरते पूर्ण चित्र) वाट पाहावी लागते. एक्स२६४ एन्कोडर मुळात २५० चौकटींपर्यंतचे अंतर ठेवतो, म्हणजे सेकंदाला २५ चौकटी असतील तर १० सेकंदांपर्यंत काळा पडदा. थेट प्रक्षेपणात हे अंतर १-२ सेकंदांवर आणावे.

वायफायवर मल्टिकास्ट टाळलेलेच बरे. तिथे मल्टिकास्टच्या फ्रेमला पोच मिळत नाही, हरवलेली फ्रेम पुन्हा पाठवली जात नाही, आणि सगळ्यांना ऐकू जावे म्हणून ती बऱ्याचदा १ किंवा ६ मेगाबिट अशा किमान वेगाने पाठवली जाते. परिणामी चित्र चौकोनाचौकोनांनी फाटते आणि बाकीचे वायफायही मंदावते. केबल ओढणे शक्य असेल तर केबलच ओढावी. काही चांगले ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणाऱ्या पेट्या) मल्टिकास्टचे युनिकास्टमध्ये रूपांतर करतात. पण तेव्हा प्रेक्षकसंख्येचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

मोबाइलच्या ब्राउझरला मल्टिकास्ट वाचताच येत नाही. त्यासाठी ओबीएस स्टुडिओ या प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमधून आरटीएमपी या पद्धतीने (पोर्ट १९३५) एनजिनएक्स किंवा मीडियाएमटीएक्स या सर्व्हरकडे चित्र पाठवतात आणि तिथून ते एचएलएस किंवा वेबआरटीसी या ब्राउझरला समजणाऱ्या पद्धतींनी वाटतात. ॲपलने २००९ मध्ये आणलेले एचएलएस चित्राचे तुकडे करून पाठवते. तुकडा ६ सेकंदांचा आणि प्लेअर तीन तुकडे मागे, म्हणजे १८ सेकंदांचा उशीर. दूरच्या प्रेक्षकाला तो जाणवत नाही, आवारातल्याला मात्र लगेच कळतो. वेबआरटीसीचा उशीर सेकंदाच्या आत राहतो. स्टुडिओच्या कामासाठी न्यूटेकने २०१५ मध्ये आणलेली एनडीआय ही जाळ्यावरून चित्र पाठवण्याची पद्धत आहे. उशीर जवळजवळ नाही, पण १०८०पी च्या एका चित्राला शंभर मेगाबिटहून जास्त जागा लागते, त्यामुळे गिगाबिट जाळे हवेच.

सीसीटीव्हीचे आयपी (जाळ्याला थेट जोडलेले) कॅमेरे आरटीएसपी या पद्धतीने, सहसा ५५४ पोर्टवर, युनिकास्ट देतात. बहुतेकांत मुख्य आणि दुय्यम (कमी दर्जाचा, हलका) असे दोन प्रवाह असतात. बारा-सोळा कॅमेरे एका पडद्यावर लावताना दुय्यम प्रवाहच घ्यावा. कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. साध्या मल्टिकास्टला तर पासवर्डच नसतो: पत्ता कळला की जाळ्यातला कुणीही पाहू शकतो. म्हणून शस्त्रक्रियेसारखे खासगी चित्र वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच जाळ्यातल्या स्वतंत्र कप्प्यात) ठेवतात किंवा एसआरटीसारख्या कूटबद्ध मार्गाने पाठवतात.