बांद्र्याच्या फॅमिली कोर्टात वकील लावताना: कोण अर्ज करू शकतं, कागद कोणते, वकीलपत्रावर सही कधी

आधी एक गोष्ट सांगतो, जी बऱ्याच जणांना पहिली फी भरून झाल्यावर कळते. कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम १३ प्रमाणे या कोर्टात वकील उभा करणं हा पक्षकाराचा हक्क नाही, त्यासाठी न्यायाधीशांची परवानगी लागते. म्हणून वकीलपत्रासोबत (वकिलाला तुमच्या वतीने उभं राहायचा अधिकार देणारा कागद) परवानगीचा अर्ज जोडतात, आणि एरवी ती मिळतेही. पण कोर्टाच्या समुपदेशकासमोर बसून बोलायचं असतं ते तुम्हालाच. ‘वकीलसाहेब बघतील’ म्हणून घरी बसता येत नाही.

मुंबई शहर आणि उपनगरांचं कौटुंबिक न्यायालय बांद्रा पूर्वेला, बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) आहे. हिंदू विवाह कायद्याखाली अर्ज कुठे करायचा हे मुख्यतः चार गोष्टींवरून ठरतं: लग्न कुठे लागलं, समोरचा कुठे राहतो, दोघं शेवटचं एकत्र कुठे राहिलात, आणि अर्जदार पत्नी असेल तर ती सध्या कुठे राहते. माहेरी डोंबिवलीत परतलेल्या बाईला दर तारखेला बांद्र्याची लोकल पकडायलाच हवी असं नाही. पारशी जोडप्यांचे अर्ज मात्र बांद्र्याला नाही, उच्च न्यायालयातल्या त्यांच्या स्वतंत्र विवाह न्यायालयात जातात.

आता पात्रता. लग्नाला एक वर्ष झाल्याशिवाय घटस्फोटाचा अर्ज घेत नाहीत. फारच हालअपेष्टा असतील तर कोर्टाची खास परवानगी मागता येते. सहमतीच्या घटस्फोटासाठी (हिंदू विवाह कायद्याचं कलम १३ब) किमान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. इथे मुंबईकर हमखास अडतात, कारण वेगळं राहायला दुसरी खोली आणायची कुठून? सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितलंय की एका छपराखाली राहूनही नवरा-बायको म्हणून नांदत नसाल, तर ते वेगळं राहणंच. पहिल्या अर्जानंतरचा सहा महिन्यांचा थांबाही २०१७ च्या निकालानंतर योग्य प्रकरणात माफ होऊ शकतो. एकतर्फी अर्जाला मात्र कारण लागतं: क्रूरता, व्यभिचार, दोन वर्षं सोडून जाणं वगैरे. नुसतं ‘पटत नाही’ हे या कोर्टात कारण धरत नाहीत.

कागद वकील शोधायच्या आधी गोळा करा, असं माझं ठाम मत आहे. रिकाम्या हाताने गेलात तर पहिली भेट रडण्यात जाते आणि तिचेही पैसे पडतात. विवाह नोंदणी दाखला (नसेल तर लग्नपत्रिका आणि फोटो), दोघांचे पत्ते, मुलांचे जन्मदाखले, शाळेच्या फीच्या पावत्या, स्त्रीधनाची यादी. पोटगीचा विषय असेल तर २०२० पासून दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. त्यासाठी आयकर विवरणपत्रं, तीन वर्षांची बँक स्टेटमेंट आणि पगाराच्या स्लिपा लागतील. या प्रतिज्ञापत्रात लपवाछपवी केलीत तर पुढे उलटतपासणीत तेच अंगावर येतं. सगळ्याच्या झेरॉक्स द्या, मूळ कागद घरीच ठेवा.

वकील निवडताना मामांच्या ओळखीचा सोसायटीवाला वकील नको. बांद्र्याला रोज उभा राहणारा हवा, कारण तिथला समुपदेशनाचा आणि मुलांच्या भेटीचा रिवाज त्याच्या अंगवळणी पडलेला असतो. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलचा सनद क्रमांक सरळ विचारा. त्यात अपमान वाटून घेणारा वकील तुम्हाला नकोच. फी एकरकमी, टप्प्याटप्प्याने की तारखेगणिक, हे लेखी घ्या. मिळणाऱ्या पोटगीत टक्का मागणं वकिलांना नियमानेच मना आहे. आणि कोऱ्या वकीलपत्रावर सही करू नका. तडजोड करायचा किंवा अर्ज मागे घ्यायचा अधिकार त्यात छापलेला असतो, तो वाचा. सहमतीच्या प्रकरणात दोघांचा मिळून एकच वकील पुष्कळदा असतो. स्वस्त पडतं, कबूल. तरी कन्सेंट टर्म्स (दोघांनी मान्य केलेल्या लेखी अटी) एकदा आपल्या बाजूच्या माणसाकडून वाचून घ्या.

मुलाच्या ताब्यात आई की बाप यापेक्षा मुलाचं हित मोठं धरतात. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे राहतं. मूल समजत्या वयाचं असेल तर त्याची इच्छाही विचारात घेतात. खटला चालू असताना भेटीसाठी (सगळे याला ‘ॲक्सेस’च म्हणतात) वेगळा अंतरिम अर्ज असतो. पहिल्या भेटीत वकिलाला हेच विचारा: तो अर्ज कधी टाकणार? ‘मूल शंभर टक्के मिळवून देतो’ म्हणणाऱ्याच्या ऑफिसातून चहा न पिता उठा. ताब्याचा आदेश पुढे परिस्थितीनुसार बदलूही शकतो.

फी झेपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००. नोकरी करणाऱ्या बाईलाही हा हक्क आहे, हे टेबलापलीकडून नाही सांगितलं तरी.

मध्येच वकील बदलायचा झाला तर जुन्याकडून ना-हरकत घ्यायची पद्धत आहे. फी थकली म्हणून तो तुमची फाईल अडवून ठेवू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये स्पष्ट केलंय. प्रकरणाचा सीएनआर क्रमांक (कोर्टाच्या संगणकातला त्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) पहिल्याच दिवशी लिहून घ्या. मग पुढची तारीख ई-कोर्ट्स ॲपवर तुमची तुम्हालाच दिसते, फोन न उचलणाऱ्या ज्युनिअरच्या मागे लागावं लागत नाही.