आटे तेच, अंतर वेगळं: लायकाचा एम३९ आणि झेनिटचा एम३९

जुन्या सोव्हिएत लेन्सच्या जाहिरातीत ‘एम३९, लायका माउंट’, म्हणजे ३९ मिमी व्यासाच्या आट्यांनी लायका कॅमेऱ्यावर बसणारी, असं दिसलं की मी आधी लेन्सच्या पाठीचा फोटो मागतो. पुष्कळदा ती लेन्स लायकाच्या घराण्यातली नसतेच, झेनिट या सोव्हिएत कॅमेऱ्याची असते. विकणाऱ्याने ३९ मिमी मोजलं, कुठेतरी वाचलेलं नाव चिकटवलं, झालं. घेणारा लायका थ्रेडचा अॅडाप्टर मागवतो, लेन्स छान फिरत बसते आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर नुसतं धुकं दिसतं. जवळचं नाही, लांबचं नाही, काहीच फोकस होत नाही. पुढचा निष्कर्ष ठरलेला: ‘लेन्स खराब निघाली.’ मग कोणीतरी स्क्रूड्रायव्हर घेऊन ती उघडतं आणि आतापर्यंत धडधाकट असलेली लेन्स खरोखरच खराब होते.

एम४२ हा आट्यांचा दुसरा माउंट तुम्हाला येतो असं धरून चालतो. ४२ मिमी व्यास, १ मिमीचा आटा (एका फेऱ्यात लेन्स तेवढी आत सरकते), माउंटपासून फिल्मपर्यंत ४५.४६ मिमी. हेलिऑस-४४-२ किंवा पेंटॅक्सची टाकुमार मिररलेसवर, म्हणजे आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर, लावायला मधे एक रिकामी नळी पुरते. मेनूत ‘लेन्सशिवाय शटर’ चालू करायचं, फोकस पीकिंग (स्पष्ट कडा रंगाने दाखवणारी सोय) लावायचं, बॉडीत स्टॅबिलायझेशन असेल तर फोकल लेंग्थ हाताने भरायची. टी२ हा आणखी एक माउंटसुद्धा ४२ मिमीचाच, पण त्याचा आटा ०.७५ मिमीचा. एक-दीड फेऱ्यात पेच अडकतो आणि चूक तिथेच कळते. एम३९ मध्ये तसा अडथळाच नाही. चुकीची लेन्सही शेवटपर्यंत फिरून घट्ट बसते.

आट्यांमध्ये फरक आहे, तो एका वाक्यात सांगून मोकळा होतो: लायकाचा आटा इंचाला २६, झेनिटचा १ मिमीचा, म्हणजे फरक मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशांचा. यावर तासन् तास वाद घालणारे लोक आहेत. त्यांना घालू द्या, तुमची लेन्स त्यामुळे अडत नाही.

अडते ती अंतरामुळे. माउंटच्या पृष्ठभागापासून फिल्म किंवा सेन्सर किती लांब असायला हवा, हे अंतर प्रत्येक माउंटचं ठरलेलं असतं. त्याला फ्लँज डिस्टन्स म्हणतात. लायका थ्रेडसाठी ते २८.८ मिमी आणि झेनिटच्या एम३९साठी ४५.२ मिमी. फरक १६.४ मिमी, आणि सगळा घोळ याच १६.४ मध्ये आहे.

असं का झालं ते कॅमेऱ्यांच्या वंशावळीत आहे. १९३२ची लायका २ हा रेंजफाइंडर कॅमेरा, म्हणजे लेन्समधून नाही तर वेगळ्या खिडकीतून बघायचा. त्याला आरसा नाही, म्हणून लेन्स फिल्मच्या जवळ बसू शकते. खारकीवच्या फेड कारखान्याने त्याची नक्कल केली, मग क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात १९४८पासून झोर्की बनू लागला. पुढे १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच कारखान्याने झोर्कीच्या बांध्यात आरसा बसवून झेनिट हा एसएलआर, म्हणजे आरशामुळे लेन्समधूनच बघता येणारा कॅमेरा केला. आरशाला वरखाली व्हायला जागा लागते, म्हणून लेन्स पुढे सरकली. माउंटचा ३९ मिमीचा घेर मात्र त्यांनी तसाच ठेवला. झेनिट-ई सुरुवातीला एम३९मध्येही आला, नंतर एम४२वर स्थिरावला. त्यामुळे एकाच कारखान्यातून, एकाच नावाच्या आणि एकाच काचेच्या लेन्स दोन अंतरांच्या निघाल्या. इंडस्टार-५०, ज्युपिटर-९, ज्युपिटर-११ या सगळ्या दोन्ही जातींत मिळतात. म्हणून ‘माझ्याकडे ज्युपिटर-९ आहे, कुठला अॅडाप्टर घेऊ?’ या प्रश्नाला उत्तर नसतं. कुठली ज्युपिटर-९, ते आधी सांगा.

आता चूक झाली तर काय दिसतं ते पाहा, कारण लक्षणावरून जात ओळखता येते. झेनिटची लेन्स लायका अॅडाप्टरवर लावली तर ती सेन्सरच्या १६.४ मिमी जास्त जवळ बसते. इंडस्टार-५० ची फोकस रिंग पूर्ण फिरवली तरी काच फार तर चार-पाच मिमी पुढे येते. उरलेले बारा मिमी आणणार कुठून? म्हणून कुठल्याच अंतरावर फोकस लागत नाही. उलट झालं, म्हणजे रेंजफाइंडरची लेन्स एम३९-एम४२ रिंग घालून एम४२ च्या लांब नळीवर लावली, तर लेन्स तेवढीच लांब जाते. ५० मिमीची लेन्स इन्फिनिटीवर (सर्वात लांबच्या फोकसवर) ठेवूनही लेन्सपासून जेमतेम वीतभर अंतरावरची वस्तूच स्पष्ट दिसते. लोक खूश होतात, मॅक्रो लेन्स मिळाली म्हणून! दोनदा फुलांचे फोटो काढतात आणि मग इंदूरच्या राजवाड्याचे सातही मजले धुक्यात जातात.

इंदुरात सेकंडहँड सामान विकणाऱ्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे: ‘भिया, लग जाएगी.’ लागेल हो, ३९ मिमीचं काहीही ३९ मिमीत लागतं. तो खोटं बोलत नाही, फक्त तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत नाही.

तेव्हा ओळखायचं हातातल्या लेन्सवरून. पाठीमागे बघा आणि फोकस रिंग फिरवा. रेंजफाइंडरच्या लेन्समध्ये काचेभोवती एक धातूचं कडं किंवा जीभ असते आणि ती फोकसबरोबर मागेपुढे सरकते. कॅमेऱ्यातला तरफेचा दांडा त्यावर टेकतो. झेनिटच्या लेन्समध्ये असं कडं नसतं. दुसरी खूण किमान अंतराची. इंडस्टार-५० रेंजफाइंडरची असेल तर आकडे १ मीटरवर थांबतात, झेनिटची ६५ सेंटिमीटरपर्यंत जाते. तिसरी खूण शरीरयष्टीची. काच फिल्मपासून तेवढ्याच अंतरावर राहायला हवी असल्यामुळे रेंजफाइंडरची लेन्स उंच नळीची असते आणि झेनिटची बिस्किटासारखी चपटी.

तरीही शंका असेल तर एक तपासणी आहे. तिला ना कॅमेरा लागतो ना अॅडाप्टर, आणि मला हीच सगळ्यात विश्वासाची वाटते. दिवसा खोलीतला दिवा बंद करा आणि खिडकीकडे तोंड करून लेन्स धरा. खिडकीबाहेर लांबचं काहीतरी हवं, समोरच्या घराची गच्ची चालणार नाही. फोकस इन्फिनिटीवर, अॅपर्चर (प्रकाश आत सोडणारं छिद्र) पूर्ण उघडं. आत ढकलता येणारी लेन्स असेल तर आधी बाहेर ओढून, फिरवून लॉक करा. आता लेन्सच्या मागे पांढरा कागद धरून पुढेमागे करा. एका जागी बाहेरचं दृश्य उलटं आणि स्वच्छ उमटेल. तिथे कागद स्थिर ठेवून शाळेतल्या पट्टीने मोजा. मोजायचं ते आट्याच्या टोकापासून नाही, तर आटे संपून लेन्सचा रुंद खांदा जिथे सुरू होतो तिथपासून. २९ मिमीच्या आसपास आलं तर रेंजफाइंडर, ४५ च्या आसपास आलं तर झेनिट. हात कितीही थरथरला तरी १६ मिमीचा फरक चुकत नाही.

झेनिटची निघाली तर वाईट वाटून घेऊ नका, उलट सोय झाली. एम३९ची एम४२ करणारी बिनकाठाची पातळ रिंग मिळते. ती चढवली की ती जवळपास एम४२ लेन्स होते. ०.२६ मिमीची तूट राहते. स्वस्त अॅडाप्टर बहुधा थोडे आखूडच कापलेले असतात, म्हणून ती सहसा जाणवत नाही. जाणवते का ते रात्री बिजासन टेकडीवर जाऊन शहराच्या दिव्यांवर बघा, पूर्ण उघड्या अॅपर्चरवर. दिव्याचा टिपका बारीक झाला की झालं. सुरुवातीच्या चंदेरी हेलिऑस-४४ मध्ये १३ पाकळ्यांचं अॅपर्चर आहे, नंतरच्या ४४-२ मध्ये ८. सराफ्यातल्या दिव्यांच्या पार्श्वभूमीवर एक स्टॉप बंद करून काढलेला फोटो पाहिलात तर मी ती चंदेरी का निवडतो ते कळेल. भोवऱ्यासारख्या बोकेसाठी (धूसर पार्श्वभूमीसाठी) मात्र नाही. त्या एका गोष्टीपायी चांगल्या लेन्सचे भाव बिघडले.

डीएसएलआरवाल्यांना, म्हणजे डिजिटल एसएलआर वापरणाऱ्यांना वेगळं सांगायला हवं. कॅननच्या ईएफ माउंटचं अंतर ४४ मिमी, म्हणजे झेनिटची लेन्स लागते आणि इन्फिनिटीही मिळते. निकॉनच्या एफ माउंटचं ४६.५, इथेच गाडी अडते. ५० मिमीची लेन्स साधारण दोन मीटरच्या पलीकडे काहीच दाखवणार नाही. त्यावर उपाय म्हणून काचवाला अॅडाप्टर विकतात. माझं मत विचाराल तर तो घेऊ नका. साठ वर्षांच्या चांगल्या काचेमागे सुमार काच लावायची असेल तर किट लेन्स काय वाईट होती? रेंजफाइंडरच्या लेन्सला तर डीएसएलआरवर मार्गच नाही, २८.८ मिमी ४४ पेक्षा कितीतरी कमी. ती फक्त मिररलेसची. सोनीच्या ई माउंटला १८ मिमी लागतात, म्हणजे तिचा अॅडाप्टर जेमतेम ११ मिमीचा. एम४२चा त्याच कॅमेऱ्यासाठीचा २७ मिमीहून जास्त. अॅडाप्टर हातात घेतल्यावर जाडी बघितली तरी चुकीचा कुठला ते समजतं. आणि आत ढकलता येणारी इंडस्टार मिररलेसवर असताना आत ढकलू नका, नळी शटरवर किंवा सेन्सरवर आदळू शकते.

एन्लार्जरच्या (फिल्मवरून कागदावर मोठा फोटो छापायच्या यंत्राच्या) लेन्सही ३९ मिमीच्या असतात आणि त्याही ‘लायका माउंट’ म्हणून खपवतात. त्यांना फोकस रिंगच नसते, तेवढं पाहिलं की पुरे.

विकणाऱ्याकडून दोन फोटो मागा: पाठीचा, एकदा इन्फिनिटीवर आणि एकदा सर्वात जवळच्या अंतरावर. कडं सरकलेलं दिसलं तर २८.८. तो फोटो द्यायला कंटाळला तर पुढची जाहिरात बघा, जुन्या सोव्हिएत लेन्सची बाजारात कमी नाही.