कंपनीच्या टेपला वूफर: जुन्या गाडीतल्या बेसची पार्श्वभूमी

केए-२२, केए-२३, मधूनच एमएच-०९ किंवा जीए पाटीच्या जुन्या मारुती ८००, झेन, सँट्रो, वॅगन-आर बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीच्या रस्त्यांवर अजून दिसतात. यातल्या बऱ्याच गाड्यांच्या डिकीत कधी ना कधी वूफरचं, म्हणजे खोल बेस वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचं, खोकं येऊन बसतं आणि गाडीबरोबर आलेल्या कंपनीच्या टेपला जोडलं जातं. मग ठरलेल्या तक्रारी सुरू होतात. ठेक्याबरोबर हेडलाइट मिचमिचतात, इंजिन रेस केलं की स्पीकरमधून शिट्टी येते, वर्षाच्या आत अँप, म्हणजे स्पीकरला ताकद देणारा अँप्लिफायर, जळतो. शिव्या वूफरच्या कंपनीला बसतात. खोट बहुतेक वेळा विजेच्या बाजूला असते, आणि ती का असते हे कळायला गाडीतल्या रेडिओचा प्रवास मागून पाहावा लागतो.

अमेरिकेत पॉल गॅल्विनच्या कारखान्याने १९३० साली ‘मोटोरोला’ नावाने गाडीचा रेडिओ बाजारात आणला. तेव्हा गाडीची बॅटरी ६ व्होल्टची, आणि रेडिओतल्या व्हॉल्व्हना (काचेच्या नळ्यांना) लागायचे दोनशेच्या आसपास व्होल्ट. ही दरी भरायला त्या काळच्या सेटमध्ये ‘व्हायब्रेटर’ आला. स्प्रिंगवर थरथरणारी पट्टी बॅटरीचा प्रवाह सेकंदाला शंभरेक वेळा तोडायची-जोडायची, तो तुटक प्रवाह ट्रान्सफॉर्मरमधून जाऊन वाढायचा, मग पुन्हा सरळ केला जायचा. पुढे गाड्या १२ व्होल्टवर आल्या. १९५५ साली क्रायस्लरने फिल्कोकडून बनवलेला पूर्ण ट्रान्झिस्टरचा रेडिओ गाडीत दिला. ट्रान्झिस्टरला १२ व्होल्ट पुरतात, त्यामुळे व्होल्टेज वाढवण्याची भानगडच संपली. गाडीचा रेडिओ आटोपशीर आणि काटकसरी झाला तो यामुळे, आणि बेसच्या बाबतीत तो अडकला तोही यामुळेच.

हिशोब सरळ आहे. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट असतात. साध्या जोडणीच्या अँपला त्याच्या निम्म्यात, म्हणजे वर-खाली ७.२ व्होल्टमध्ये आवाज बसवावा लागतो. ४ ओहमच्या स्पीकरवर याचे होतात सुमारे साडेसहा वॅट. यावर तोड निघाली ती ‘ब्रिज’ जोडणीची: स्पीकरच्या दोन्ही टोकांना एकेक अँप, एक वर ढकलतो तेव्हा दुसरा खाली ओढतो. आता पूर्ण १४.४ व्होल्ट वापरात येतात आणि वॅट चौपट होतात, कागदावर २६. प्रत्यक्षात स्वच्छ आवाजाचे १८ ते २०. टेपच्या तोंडावर छापलेलं ‘५० वॅट × ४’ याच हिशोबातून येतं. लाट पूर्ण चिरडून चौकोनी केली तर १४.४ चा वर्ग भागिले ४, म्हणजे ५२ वॅट. आकडा खोटा नाही, पण त्या अवस्थेत गाणं ऐकण्यासारखं उरत नाही.

आपल्याकडे बेसचा विचार उशिरा आला, कारण ऐकायचं साहित्यच तसं होतं. धारवाड आकाशवाणी १९५० ची, सांगली १९६३ ची. १९५६ ला राज्याची रेघ ओढली गेली तरी मध्यम लहरींना ती कधी दिसली नाही, आणि बेळगावकडच्या कानांना दोन्ही केंद्रं ओळखीची झाली. भाषण, बातम्या, नाट्यगीत, कन्नड वचनं यांना चार इंची स्पीकर पुरत होता. शिवाय जुन्या अँबॅसिडर-फियाटना डायनामो होता. तो इंजिन मंद असताना जवळजवळ काहीच देत नाही, त्यामुळे वीज उधळायची सोयही नव्हती. फिलिप्सची कॅसेट १९६३ ची, पण ती इथल्या गाड्यांत रुजली ऐंशीच्या दशकात, मारुतीबरोबर. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली. टेपच्या खाचेचं माप जर्मन मानकाने ठरवलं, रुंदी १८० आणि उंची ५० मिलिमीटर; १९८४ मध्ये तेच आंतरराष्ट्रीय मानक झालं आणि जगभर चाललं. जुन्या गाडीत आजचा टेप सहज बसतो तो या मापामुळे. मग सीडी आणि पेनड्राइव्ह आले, ध्वनिमुद्रणात ४०-५० हर्ट्झचा ठेका भरपूर आला, आणि मागच्या काचेखालच्या पार्सल ट्रेवरचे सहा-बाय-नऊ इंची अंडाकृती स्पीकर कमी पडायला लागले.

याच काळात मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या स्पीकरना आपल्याकडे ‘डॉल्बी’ म्हणायला लागले. रे डॉल्बींचं मूळ काम नेमकं उलट्या दिशेचं होतं, टेपची खरखर कमी करण्याचं. १९६५ मध्ये कंपनी काढण्याआधी दोन वर्षं ते युनेस्कोच्या कामासाठी भारतातच होते. गणपतीत आपल्या नावाने काय वाजणार आहे याची त्यांना काय कल्पना!

डिकीतला वेगळा अँप म्हणजे त्या जुन्या व्हायब्रेटरचा पुनर्जन्म आहे. आत मॉस्फेटची (खटक्यासारख्या चालणाऱ्या ट्रान्झिस्टरची) जोडी १२ व्होल्ट सेकंदाला हजारो वेळा तोडते, गोल फेराइट ट्रान्सफॉर्मर ते वाढवतो, आणि अधिक-उणे २५ ते ३५ व्होल्ट तयार होतात. अनेक अँपमध्ये हे काम टीएल४९४ ही चिप आणि आयआरएफझेड४४ जातीचे मॉस्फेट करतात. दुरुस्तीवाल्यांना ही नावं तोंडपाठ असतात. अधिक-उणे २८ व्होल्टवर ४ ओहमला ९८ वॅट मिळतात, दोन चॅनेल ब्रिज केले तर कागदावर ३९०. पण वीज फुकटात वाढत नाही. व्होल्ट वाढले की बॅटरीकडून तितका जास्त प्रवाह ओढला जातो. ३०० वॅटचा डी-क्लास, म्हणजे कमी वीज वाया घालवणारा अँप पूर्ण जोरावर सुमारे २७ अँपिअर घेतो, जुन्या पद्धतीचा एबी-क्लास ४० च्या घरात. मारुती ८०० ची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची, आणि लहान गाडीच्या अल्टरनेटरवर हेडलाइट, पंखा, वायपर आधीच बसलेले. म्हणून अशा गाडीत ३०० खरे वॅट, तेही डी-क्लासचे, ही शहाणपणाची हद्द. खोक्यावर ‘३००० वॅट’ लिहिलेल्या अँपमध्ये २५ चा एकच फ्यूज असेल, तर उत्तर फ्यूजच देतो: २५ गुणिले १३.८ म्हणजे साडेतीनशे वॅटसुद्धा आत जात नाहीत.

वायरचा प्रश्न इथूनच निघतो. बॅटरीपासून डिकीपर्यंत पाच मीटर लागतात. ४ चौरस मिलिमीटरची वायर टाकली तर ३६ अँपिअरला पाऊण व्होल्टहून जास्त वाटेतच मरतो. १६ चौरस मिलिमीटरला ०.२ व्होल्ट. व्होल्ट कमी मिळाले की अँपचा आतला भाग तूट भरायला आणखी प्रवाह ओढतो, मॉस्फेट तापतात आणि शॉर्ट होतात. बाजारात जाडजूड, स्वस्त दिसणारी वायर बऱ्याचदा अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते. ती शुद्ध तांब्याच्या जेमतेम दोन-तृतीयांश वीज वाहते. एक तार चाकूने खरवडावी, आत पांढरी निघाली तर एक माप जाड घ्यावी. फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत, ३०० वॅटच्या डी-क्लासला ३० किंवा ४० अँपिअरचा. तो अँपला वाचवायला नसतो, गाडी जळू नये म्हणून असतो. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या (फायरवॉलच्या) भोकात रबरी ग्रोमेट नसेल तर पत्रा हळूहळू वायरचं आवरण कापतो, आणि फ्यूज डिकीकडे लावलेला असेल तर मधल्या वायरला कुणीच वाली नसतो. फ्यूज उडाला म्हणून तिथे तारेचा तुकडा गुंडाळणं हा प्रकार दुर्दैवाने अजून दिसतो.

आता कंपनीच्या टेपकडे. त्याला मागे आरसीएची, म्हणजे अँपला सिग्नल देणारी, भोकं नसतात, फक्त स्पीकरच्या वायरी. त्या वायरींतून सिग्नल घेताना मघाची ब्रिज जोडणी आडवी येते. इंजिन सुरू, टेप सुरू ठेवून मल्टिमीटरने स्पीकरची दोन्ही टोकं एकेक करून बॉडीशी मोजा: दोन्हीकडे ६ ते ७ व्होल्ट डीसी दिसतात. म्हणजे काळी वायर ‘अर्थ’ (बॉडीला, बॅटरीच्या उणे टोकाला जोडलेली) नाही. ती बॉडीला जोडली तर टेपची आयसी जाते. ज्या अँपला ‘हाय लेव्हल इनपुट’ आहे त्यात मागच्या दोन स्पीकरच्या चारही वायरी सरळ द्याव्यात. काही अँप याच ६ व्होल्टच्या खुणेवरून आपोआप सुरूही होतात. तसा इनपुट नसेल तर स्पीकरचा सिग्नल अँपला झेपेल इतका उतरवणारा लाइन कन्व्हर्टर लागतो. अगदी स्वस्त कन्व्हर्टरमधला चिमुकला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झच्या खाली तुंबतो, म्हणजे ज्या आवाजासाठी सगळा खटाटोप केला तोच गाळला जातो. अँपला चालू-बंद करणारी रिमोटची निळी वायर कंपनीच्या टेपला नसेल तर एसीसीच्या (चावी फिरवल्यावरच वीज येणाऱ्या) फ्यूजवरून १ अँपिअरच्या फ्यूजमार्फत घ्यावी. कायमच्या बारा व्होल्टवर लावली तर चार दिवस उभी राहिलेली गाडी ढकलून सुरू करावी लागते.

बाहेरून घेतलेल्या टेपचे रंग ठरलेले असतात: पांढरा, करडा, हिरवा, जांभळा स्पीकरला, पिवळा कायमचा, लाल चावीचा. कंपनीच्या हार्नेसला (वायरींच्या जुडग्याला) हे लागू नाही. प्रत्येक वायर मोजूनच घ्यावी. सीमाभागातल्या गाड्या दोन-तीन मालकांच्या आणि दोन-तीन राज्यांच्या हातून येतात. कप्लर कापून टाकलेला, चिकटपट्टीखाली वळसे दिलेले, हे इतकं नेहमीचं आहे की काम सुरू करण्याआधी तासभर फक्त जुनं वायरिंग ओळखायला धरावा.

आणखी एक खोडी कंपनीच्या टेपची. आवाज कमी असताना तो बेस मुद्दाम फुगवतो आणि आवाज वाढवला की गुपचूप कमी करतो, कारण चार इंची स्पीकर फाटू नयेत. वूफर लावल्यावर हीच कमी अँपलाही मिळते, आणि माणूस अँपचा गेन फिरवत सुटतो. गेन हा आवाजाचा खटका नव्हे; टेपचा सिग्नल अँपने किती वाढवायचा ते तो ठरवतो. लाउडनेस बंद, बेस-ट्रेबल मधोमध, टेप पाऊण आवाजावर, वूफर सोडवलेला, आणि ५० हर्ट्झचा सलग सूर वाजवायचा. अँपच्या टोकांवर मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावून गेन हळू वाढवायचा: ३०० वॅट ४ ओहमला हवे असतील तर ३४.६ व्होल्ट, २ ओहमला २४.५. तिथे थांबायचं. वरचे सूर अडवणारा लो-पास ८० हर्ट्झच्या आसपास, आणि दाराच्या स्पीकरना शक्य असेल तर खालून तेवढ्यालाच कापायचं. दोन कॉइलचा ४ अधिक ४ ओहमचा वूफर समांतर जोडला की २ ओहम होतो, आणि ब्रिजला किमान ४ मागणारा अँप पाच मिनिटांत लाल दिवा दाखवतो.

खोक्याचं शास्त्र घरच्या स्पीकरमधून आलं. एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये दाखवलं की बंद खोक्यातली हवाच स्प्रिंगचं काम करते आणि लहान खोक्यातूनही खोल बेस निघतो. मग ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात स्पीकरच्या मोजमापांवरून खोक्याचं गणित बसवलं; वूफरच्या कागदावरचे आकडे ते हेच. लहान गाडीत बंद खोकं घ्यावं. काचा बंद केल्या की साधारण ७० हर्ट्झच्या खाली गाडीचा डबाच दाब वाढवतो आणि बंद खोक्याची उतरती बाजू सावरून घेतो. १० इंचीला आतून ४० × ३० × २० सेंटिमीटर, म्हणजे २४ लिटर पुरे. हवा बाहेर सोडणाऱ्या भोकाचं (पोर्टेड) खोकं १२ इंचीला ५०-६० लिटर मागतं, डिकी खाऊन टाकतं, आणि ठरवलेल्या सुराच्या खाली वूफर मोकाट हलतो, म्हणून अगदी खालचे सूर अडवणारा सबसोनिक फिल्टर नसेल तर कॉइल घासते. गॅसचा सिलिंडर डिकीत असेल तर खोक्याचा नाद सोडून सीटखालचा ८ इंची चपटा वूफर बरा. सिलिंडरच्या बैठकीजवळ स्क्रू मारू नये, हे सांगावं लागू नये.

लाकूड १८ मिलिमीटर. एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबून केलेली फळी) आवाजाला उत्तम, पण खानापूर-चोर्ल्याकडच्या पावसात बेळगावी डिकी चार महिने दमट असते आणि एमडीएफच्या कडा पावासारख्या फुगतात. आयएस ७१० शिक्क्याचं वॉटरप्रूफ प्लाय थोडं महाग, पण टिकतं. सांधे आतून सिलिकॉनने भरावेत. खोकं पट्ट्याने किंवा बोल्टने बांधावं. दहा-बारा किलोचं सुटं खोकं ब्रेकला मागच्या सीटवर येतं.

शिट्टीचं मूळ बहुधा अर्थमध्ये असतं: टेप एका ठिकाणी, अँप दुसऱ्या ठिकाणी, मध्ये गंजका पत्रा, आणि दोन्ही अर्थांमधला फरक अल्टरनेटरचा सूर होऊन सिग्नलमध्ये शिरतो. सिग्नलची आणि करंटची वायर गाडीच्या दोन वेगळ्या बाजूंनी न्यावी. ज्यांना अजून मध्यम लहरी ऐकायच्या आहेत त्यांनी अँप अँटेनापासून लांब ठेवावा आणि पुरवठ्याच्या वायरीवर फेराइट चढवावा, नाहीतर अँपच्या तोडजोडीचा गुणगुणाट स्टेशनावरच येऊन बसतो.

रात्री १० ते सकाळी ६ ची बंधनं २००० च्या ध्वनी नियमांतून येतात आणि काचा खाली करून वाजवणाऱ्या गाडीलाही ती चुकत नाहीत.

अर्थसाठी सीटबेल्टचा बोल्ट वापरू नये. डिकीच्या पत्र्यावरचा रंग घासून चकाकता धातू काढावा, ८ मिलिमीटरचा बोल्ट, दातेरी वॉशर, वर ग्रीस. वायर अर्धा मीटरच्या आत आणि पुरवठ्याइतकीच जाड. बॅटरीच्या उणे टोकाची बॉडीकडे जाणारी मूळ वायरही तेवढीच जाड करावी लागते, ही गोष्ट हमखास राहून जाते. गोव्याकडून आलेल्या गाडीत खाऱ्या हवेने सांधे आधीच खाल्लेले असतात, तिथे हे काम पहिलं. पावसाळा संपला की मल्टिमीटरचं एक टोक अँपच्या अर्थ स्क्रूवर, दुसरं बॅटरीच्या उणे टोकावर ठेवून ठेक्याचं गाणं मोठ्याने लावावं. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर ठीक, अर्ध्या व्होल्टकडे जात असेल तर बोल्ट खोलून पुन्हा घासायचा.