दुसऱ्या एजन्सीचे डाइव्हमास्टर, पाडीचे इन्स्ट्रक्टर: अर्ज नेमका कुठे अडतो

पाडी, एसएसआय, नाउई या स्कूबा डायव्हिंग शिकवून प्रमाणपत्र देणाऱ्या एजन्सी. एसएसआय, नाउई अशा एजन्सीच्या डाइव्हमास्टरला (म्हणजे इन्स्ट्रक्टरच्या खालच्या पायरीवरच्या व्यावसायिक डायव्हरला) पाडीचा इन्स्ट्रक्टर होण्यासाठी डाइव्हमास्टर कोर्स पुन्हा करावा लागत नाही. वय १८ पूर्ण हवं, आयडीसी हा इन्स्ट्रक्टर होण्याचा कोर्स करायचा आणि आयई ही त्यानंतरची परीक्षा द्यायची. पाण्यातल्या कौशल्यात कमी पडणारे थोडे असतात, बहुतेकांचं अडतं ते कागदांवर.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात स्टेटसवर, म्हणजे जुन्या एजन्सीकडचं पद चालू आहे की नाही यावर. ओपन वॉटर या पहिल्या कोर्सचं कार्ड जन्मभर चालतं, म्हणून डाइव्हमास्टरचंही चालतं असं लोक धरून बसतात. डाइव्हमास्टरला दरवर्षी फी भरून नूतनीकरण करावं लागतं. ते चुकलं असेल तर आधी जुन्या एजन्सीकडे स्टेटस चालू करून घ्या, त्याचा पुरावा आयडीसी घेणाऱ्या कोर्स डायरेक्टरला पाठवा, त्याच्याकडून लेखी होकार घ्या आणि मगच आयडीसीचे पैसे भरा. ओपन वॉटर, अ‍ॅडव्हान्स्ड आणि रेस्क्यूची जुनी कार्डंही शोधून ठेवा.

दुसरा घोटाळा मेडिकलचा. साध्या कोर्सला सगळ्या प्रश्नांना ‘नाही’ लिहून स्वतः सही केली की भागतं. इथे भागत नाही. सगळी उत्तरं ‘नाही’ असली तरी डॉक्टरांची सही लागते, तीही गेल्या १२ महिन्यांतली. फॉर्मवर हे ठळक का छापत नाहीत, कोण जाणे!

लॉगबुकचं तर विचारूच नका. आयडीसी सुरू करताना ६० डाइव्ह आणि आयईच्या वेळी १०० डाइव्ह नोंदलेले लागतात. त्यांत नाइट, डीप आणि नॅव्हिगेशनचा अनुभव दिसायला हवा. मालवण-तारकर्लीला किंवा गोव्यात ग्रँड आयलंडला रोज पर्यटकांना पाण्यात नेणाऱ्या मुलांचे डाइव्ह शेकड्यांनी होतात, पण वहीत नोंद नसते. तारीख, जागा, खोली, वेळ रोजच्या रोज लिहा आणि सही घ्या. आठवून एका बैठकीत भरलेली वही एकाच शाईवरून लगेच ओळखू येते, असं करू नका. नाइट डाइव्ह राहिले असतील तर पावसाळ्याआधीच उरका. कोकण किनाऱ्यावर जूनपासून डायव्हिंग बंद असतं.

ईएफआरच्या, म्हणजे इमर्जन्सी फर्स्ट रिस्पॉन्स या प्रथमोपचार कोर्सच्या, दोन गोष्टी आहेत आणि लोक त्या एकच समजतात. सीपीआर-प्रथमोपचाराचं प्रशिक्षण गेल्या २४ महिन्यांतलं हवं. नुसतं ऑनलाइन केलेलं चालत नाही, हाताने सराव केलेला लागतो. त्याशिवाय इन्स्ट्रक्टरचं कार्ड निघण्यासाठी ईएफआर इन्स्ट्रक्टर हे वेगळं प्रमाणपत्र लागतं. बरेच जण आयई पास होऊन याच्यासाठी थांबतात. आयडीसीबरोबरच करून टाका.

आयडीसीसाठीची ‘६ महिन्यांपासून सर्टिफाइड’ ही अट पहिल्या कार्डाच्या तारखेपासून मोजतात, डाइव्हमास्टरच्या नाही. उगाच थांबू नका.

नावही तपासा. एका कार्डावर वडिलांचं नाव आहे, दुसऱ्यावर नाही, पासपोर्टवर तिसरंच स्पेलिंग, असं असेल तर जुन्या एजन्सीकडून आधी दुरुस्ती करून घ्या.

आधीच दुसऱ्या एजन्सीचे इन्स्ट्रक्टर असाल तर पूर्ण आयडीसी सहसा लागत नाही, मात्र पाडीची आयई टळत नाही. उलट दिशेने, म्हणजे एसएसआयकडे जाताना, स्टेटस चालू असेल तर इन्स्ट्रक्टर ट्रेनरकडच्या क्रॉसओव्हरवर, म्हणजे एजन्सी बदलण्याच्या छोट्या कोर्सवर, सहसा भागतं. जुनं पद रद्द होत नाही, पण दोन्हीकडे शिकवायचं असेल तर दोन्हीकडची वार्षिक फी भरावी लागते. हा खर्च आधीच हिशेबात धरा.