दोन इंचांचा शार्क

रबरबँड लावून फुगवलेली प्लॅस्टिकची पिशवी आणि आत बोटभर लांबीचे तीन रुपेरी मासे. "शार्क आहेत," दुकानदार म्हणाला. खूप मोठे होतात का, असं मी विचारलं, तर म्हणाला, "जेवढी टाकी, तेवढाच मासा होतो, सर."

फिशटँकच्या छंदातलं याहून महागात पडणारं वाक्य मी ऐकलेलं नाही. ते शार्क तर नव्हतेच. पाठीवर शार्कसारखा त्रिकोणी पर असलेला तो पंगस, मेकाँग नदीतला. हॉटेलात 'बासा' म्हणून जो तुकडा ताटात येतो, तो आपल्याकडे बहुतेक वेळा याचाच. नदीत हा मीटरभराच्या पुढे जातो. शिवाय स्वभावाने भित्रा. खोलीतला दिवा अचानक लावला की माझे तिघेही काचेवर जाऊन आदळायचे. दीड वर्षात ते हातभर झाले आणि नाकाडावरच्या जखमा भरेनात.

दुकानदाराचं वाक्य पूर्ण खोटंही नाही, हीच त्यातली गोम. छोट्या टाकीत माशाची वाढ खुंटते खरी, पण मासा काही टेप घेऊन टाकी मोजत नाही. पाण्यात साठलेली घाण, अपुरी हालचाल आणि सततचा ताण यांनी तो खंगतो. काहींचा कणा वाकतो. बहुतेक मासे आयुष्यभर थोडे थोडे वाढतच राहतात. वाढ थांबली म्हणजे मासा जागेशी जुळवून घेतोय असं नाही, तो आजारी आहे.

म्हणून मोठी टाकी घेताना "यात किती मासे बसतील?" या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. 'एका इंच माशाला इतके लिटर पाणी' हा हिशेब गप्पी-मोलीसारख्या छोट्या माशांपुरता ठीक. मोठ्या माशांत तो साफ फसतो, कारण मासा नुसता लांब होत नाही, रुंद आणि जाडही होतो. ॲमेझॉन खोऱ्यातला ऑस्कर घ्या. दुकानात ५ सेंटिमीटरचा, दीड-दोन वर्षांत ३० चा. लांबी सहापट, पण वजन सहाचा घन, म्हणजे सुमारे २१६ पट. चयापचय वजनाच्या थोडा मागे राहतो, तरी प्राणवायूची गरज आणि उत्सर्ग सत्तरेक पटींनी वाढतात. सहा पिल्लांच्या लांबीची बेरीज एका मोठ्या ऑस्करएवढी भरते, पण घाणीचा हिशेब केला तर त्या एकट्याच्या जागी पिल्लं सत्तर धरावी लागतील.

घाण म्हणजे मुख्यतः अमोनिया, आणि तो विष्ठेपेक्षा कल्ल्यांतून जास्त बाहेर पडतो. आकडाच मांडू. दोन मोठे ऑस्कर दिवसाला १० ग्रॅम दाणे खातात आणि त्यात ४० टक्के प्रथिनं आहेत असं धरा. मत्स्यसंवर्धनातल्या नेहमीच्या सूत्राने त्यातून रोज सुमारे ०.३७ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पाण्यात येतो. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकीत काठोकाठ ६८० लिटर पाणी मावतं. तिथे दिवसाची भर लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमची. हेच दोन मासे अडीच फुटी, १०० लिटरच्या टाकीत असतील, तर पावणेचार मिलिग्रॅमची.

हा अमोनिया किती विषारी ठरेल हे पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर ठरतं. सामू ७ असेल तर त्यातला टक्काभरही मोकळ्या, विषारी रूपात नसतो. सामू ८ झाला की हे प्रमाण पाच-सहा टक्क्यांवर जातं. आपल्याकडे अनेक बोअरवेलचं पाणी याच बाजूला झुकलेलं असतं. मोकळा अमोनिया लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमच्या पुढे गेला की कल्ल्यांना इजा होऊ लागते. फिल्टर नसेल, तर असं पाणी असलेली छोटी टाकी ही रेषा काही तासांत ओलांडते आणि मोठी दोन दिवसांत.

ही मर्यादा गाठू देत नाहीत ते फिल्टरमधले जिवाणू. स्पंजवरचा बुळबुळीत तपकिरी थर म्हणजे त्यांचीच वस्ती. पहिला गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं त्याहून बरंच कमी विषारी नायट्रेट. ही दोन टप्प्यांची कामं दोन वेगळ्या जिवाणूंचीच, असं शंभराहून अधिक वर्षं पक्कं मानलं जात होतं. २०१५ मध्ये दोन्ही टप्पे एकट्याने उरकणारा नायट्रोस्पायरा कुळातला जिवाणू दोन संशोधक गटांना वेगवेगळ्या ठिकाणी सापडला. त्यातलं एक ठिकाण होतं मत्स्यपालनाच्या टाक्यांचा फिल्टर. मला याचं फार अप्रूप वाटतं. शतकभर चुकवलेला जीव सापडला तो असल्या चिखलात. आणि आपण तो स्पंज दर रविवारी जिवाणू मारणाऱ्या क्लोरीनच्या नळाखाली खळखळून धुतो! टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो हलकेच पिळावा, बस.

ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून टाकी आणि मासे एकाच दिवशी आणू नयेत. वस्ती मरायला मात्र वेळ लागत नाही. या जिवाणूंना प्राणवायू हवा आणि बंद डब्याच्या कॅनिस्टर फिल्टरमध्ये वीज गेल्यावर तो काही तासांतच संपतो. एप्रिल-मेमध्ये दुपारभर लाइट गेली की दुहेरी अडचण: २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो, तर ३० अंशांना साडेसातच. स्वस्तात मिळणारा बॅटरीवरचा एअर पंप मी आता महागड्या दिव्यांच्या आधी घ्यायला सांगतो.

आणि हो, स्लॅब. ६८० किलो पाणी, १२ मिलिमीटर काचेचे सव्वाशे किलो, वर वाळू, दगड, स्टँड. नऊशे किलोंच्या घरात जातं आणि ते सगळं जेमतेम १.१ चौरस मीटरवर उभं. भारतीय मानकात घरातल्या खोल्यांसाठी चौरस मीटरला सुमारे २०० किलो वापराचा भार धरतात. म्हणजे घर लगेच खाली येईल असं नाही, कारण तो आकडा सगळ्या खोलीभर धरलेला असतो. पण टाकी खोलीच्या मधोमध नको, भिंतीलगत बीमवर हवी, आणि त्याआधी इंजिनिअरला विचारायला हवं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही.

मग घालायचं काय? आधी काय घालू नये ते. अरोवाना भाग्य आणतो म्हणून खूप जण मागतात. रुपेरी अरोवाना ९० सेंटिमीटरपर्यंत जातो आणि आपल्या सहा फुटी टाकीची रुंदी ६१ सेंटिमीटर. त्याला वळायचं कसं, एवढा एकच प्रश्न पुरे. पूर आलेल्या ॲमेझॉनच्या जंगलात हा पाण्याबाहेर उसळून फांदीवरचे किडे टिपतो. दिवाणखान्यात तो झाकण उचलून फरशीवर येतो. लाल शेपटीचा कॅटफिश सव्वा मीटरच्या पुढे जातो आणि तोंडात मावेल ते रात्रीतून गिळतो. 'टाकी साफ करणारा' म्हणून गळ्यात मारलेला सकरमाउथ कॅटफिश फूटभराचा होतो आणि साफ करतो त्याहून जास्त हगतो. 'रेड पिरान्हा' म्हणून विकलं जाणारं पिल्लू बरेचदा पाकू निघतं, म्हणजे मासळीबाजारातला आपला रूपचंद!

सहा फुटी टाकीला माझ्या मते ऑस्करची एक जोडी आणि पाच-सहा सिल्व्हर डॉलर पुरेत. डॉलर १५ सेंटिमीटरचे, चपटे, ऑस्करच्या तोंडात न मावणारे. झाडं लावू नका. डॉलर पानं खातात आणि ऑस्कर मुळं उपटतो. माझ्याकडचा नर वाळूचे खडे तोंडाने उचलून रोज एकाच कोपऱ्यात नेऊन टाकतो. मी ते सारखे केले की तासभर तळाशी आडवा पडून राहतो, रुसल्यासारखा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मेला समजून मी जाळी आणायला धावलो होतो. आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलायचं, म्हणजे दोनशे लिटरच्या वर. पाण्याचा टँकर येणाऱ्या इमारतीत राहत असाल, तर शेजाऱ्यांशी आधीच गोड बोलून ठेवा.

डोईजड झालेले मासे लोक विहिरीत, तलावात सोडतात. २०१८ च्या पुरानंतर केरळच्या नद्यांमध्ये अरापायमा आणि ॲलिगेटर गार हे परदेशी महाकाय मासे सापडले. २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरातही एक ॲलिगेटर गार निघाला. सकरमाउथ तर देशातल्या अनेक नद्यांत आता ठाण मांडून आहे. माझे तीन 'शार्क' दुकानदाराने परत घेतले नाहीत. शेवटी पंगसचीच शेती करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने नेले. पुढे त्यांचं काय झालं, ते मी विचारलेलं नाही.