पाकिटातलं मीठ, गोळीतलं झिंक : पार्श्वभूमी

पाऊस लागला की सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवर आशाताई ओआरएसची (जुलाबात पाण्यात विरघळवून प्यायच्या मीठ-साखरेची) पाकिटं आणि झिंकच्या (जस्ताच्या) गोळ्या घेऊन फिरतात. पोट बिघडलं की शरीरातले क्षार का ढासळतात, हे समजायला शंभराहून जास्त वर्षं लागली.

१८३१ मध्ये कॉलरा इंग्लंडात पोहोचला. विल्यम ओशॉनेसी या तरुण डॉक्टरने रुग्णांचं रक्त तपासलं, तर त्यातलं पाणी आणि क्षार घटलेले आढळले. पुढच्याच वर्षी थॉमस लाटा यांनी मिठाचं पाणी थेट शिरेत सोडलं आणि मरणाच्या दारातले काही जण उठून बसले. पण साथ ओसरली आणि ही दिशाच अनेक दशकं मागे पडली. या विसरण्याची किंमत किती जिवांनी मोजली असेल!

नुसतं मीठ-पाणी पाजून भागत नव्हतं. कारण जुलाबात आतडं मीठ शोषण्याऐवजी बाहेर टाकत असतं. १९५९ मध्ये कोलकात्यात शंभूनाथ डे यांनी कॉलऱ्याच्या जंतूचं विष आतड्यातच हे घडवतं, असं दाखवलं. १९६० मध्ये रॉबर्ट क्रेन यांनी मांडलं, की ग्लुकोज आणि सोडियम आतड्याच्या पेशीत जोडीनेच शिरतात, आणि त्यांच्यामागे पाणी जातं. कॉलऱ्यातही ही वाट उघडी राहते.

१९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा असं मिश्रण, म्हणजेच ओआरएस, पाजलं. मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं.

झिंकची गोष्ट इराणमधली. आनंद प्रसाद यांनी १९६१ मध्ये वाढ खुंटलेल्या तरुणांची नोंद केली. त्यांचं पोट मुख्यतः बिनआंबवलेल्या पोळीवर भरत होतं, आणि त्यातलं फायटेट (धान्यातलाच एक घटक) झिंकला आतड्यात बांधून ठेवत होतं. आपल्या नागलीतही फायटेट असतं. १०० ग्रॅम नागलीत ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असलं, तरी ते सगळं अंगी लागत नाही. मोड आणले किंवा आंबील केली की फायटेट घटतं, म्हणून या जुन्या रीती मला मोलाच्या वाटतात.

जुलाबात झिंकही वाहून जातं, आणि ते कमी पडलं की आतड्याचं अस्तर लवकर भरून येत नाही. म्हणून २००४ पासून जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ मुलांना ओआरएससोबत १० ते १४ दिवस झिंक द्यायला सांगतात. जुलाब थांबले तरी गोळी चालू ठेवायची, ती या भरून येणाऱ्या अस्तरासाठी.