टेंट न्यायच्या आधी घरीच वाचा

नमस्कार मंडळी! आमच्याकडनं टेंट, स्लीपिंग बॅगा, मॅट, स्टोव्ह असं सामान भाड्यानं नेणाऱ्या फॅमिल्यांसाठी हा कागद आहे. आधी आम्ही तो टेंटच्या पिशवीतच टाकायचो, पण मग लोक तो कॅम्पवर पोचल्यावर वाचायचे, तोपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असायचं. म्हणून आता हातात देतोय.

सामान देऊन-घेऊन आम्हाला एक गोष्ट पक्की कळलीय, की ट्रिपचा विचका होतो तो सहसा काही विसरलं म्हणून होत नाही, सगळं आणलेलं असतं पण वेळेवर सापडत नाही म्हणून होतो. निघायला उशीर, पोचेपर्यंत अंधार पडत आलेला, पोरं भुकेनं किरकिर करतायत, आणि टॉर्च कुठंय तर सगळ्यात खालच्या बॅगेत, कपड्यांच्या तळाशी. मग मोबाईलच्या उजेडात खुंट्या शोधा! त्यामुळे लिस्ट तर कराच, पण गाडीत भरायचा क्रमही ठरवा. उतरल्यावर जे आधी लागणार ते सगळ्यात शेवटी चढवायचं, एवढंच.

आमचा सल्ला, एक वेगळी पिशवी करा, पहिल्या तासाची. तिच्यात हेडटॉर्च (शक्यतो प्रत्येकाला एक, कारण हात मोकळे राहतात, आणि पोरांना आधीच सांगा की समोरच्याच्या डोळ्यात मारायचा नाही, तरी मारतातच ते), खुंट्या ठोकायची हातोडी, पाणी, न शिजवता लगेच खाता येईल असा खाऊ, प्रत्येकाचं एक गरम जॅकेट, टॉयलेट पेपर आणि डासांचं क्रीम. ही पिशवी डिकीत नाही, पायाशी ठेवा. बाकीचं सामान सकाळी काढलं तरी चालतं.

आता टेंट. त्याच्यावर 4 जणांचा लिहिलेलं असतं त्याचा अर्थ 4 माणसं खांद्याला खांदा लावून झोपली तर मावतात, बॅगांना जागा त्यात धरलेली नसते. म्हणून चौघांच्या फॅमिलीला आम्ही 6 जणांचा देतो. जास्त भाडं लावायला नाही हो, पाऊस आला तर पोरांना आत बसून पत्ते खेळायला जागा पाहिजे की नको?

आणि कृपा करून तो निघायच्या आधी एकदा लावून बघा. गच्चीवर, अंगणात, हॉलमधे फर्निचर सरकवून, कुठंही. खुंट्या नाही ठोकता आल्या तरी पोल जोडून आतला टेंट उभा करा, वरचं पावसाचं कव्हर टाका, चेनी उघडून-लावून बघा. एकदा आमच्याकडनंच चूक झाली होती, एका टेंटच्या पिशवीत दुसऱ्याच टेंटचे पोल गेले. त्या ताईंनी आदल्या संध्याकाळी घरीच लावून बघितला म्हणून लगेच फोन आला आणि आम्ही बदलून दिले. तिथं जाऊन कळलं असतं तर रात्र गाडीत काढावी लागली असती.

जागा निवडताना वर बघा. वाळलेल्या फांद्या असतील तर त्या झाडाखाली नको. कोरडा ओढा मस्त सपाट दिसतो, पण तिथं अजिबात नको, पाऊस लांब वर कुठंतरी पडतो आणि पाणी खाली येतं. खुंटी सरळ उभी ठोकू नका, तिचं डोकं टेंटपासून बाहेरच्या बाजूला कलतं ठेवा म्हणजे दोरीच्या ओढीनं उपटत नाही. टेंटखाली ताडपत्री घालत असाल तर ती टेंटच्या तळापेक्षा जराशी लहान पाहिजे, जास्तीची आत दुमडून घ्या. कडा बाहेर राहिली की पावसाचं पाणी तिच्यावर जमतं आणि सरळ तुमच्या खाली येतं.

झोपेबद्दल जरा जास्त लिहितो, कारण सगळ्यात जास्त तक्रारी त्याच्याच. थंडी वरनं जेवढी वाजते त्यापेक्षा जास्त खालनं वाजते. स्लीपिंग बॅगेतला कापूस म्हणा, पिसं म्हणा, अंगाच्या वजनानं खालच्या बाजूला दबून जातं, आणि दबलं की ऊब धरत नाही. म्हणून मॅट लागतेच, नुसती बॅग कितीही भारी असली तरी. हवा भरायचा साधा बेड मऊ लागतो खरा, पण आतली हवा गार होत राहते, त्यावर जाड चादर नाहीतर फोमची मॅट टाका. बॅगेच्या लेबलवर दोन-तीन टेंपरेचर असतात त्यातलं 'कम्फर्ट'वालं बघा. 'लिमिट' किंवा 'एक्स्ट्रीम' बघून बॅग निवडलीत तर रात्रभर कुडकुडाल. लहान मुलाला मोठ्याची बॅग दिली तर पायाकडचा रिकामा भाग दुमडून खाली घाला, नाहीतर ते मूल एवढी मोठी पोकळी गरम करत बसतं. दिवसभर घातलेले कपडे घामानं ओलसर असतात, झोपायचा जोड आणि कोरडे मोजे वेगळेच ठेवा आणि दुसऱ्या कशालाही वापरू नका. दिवसासाठी पण नुसतं सुती नको, भिजलं की लवकर वाळत नाही.

सकाळी फोन येतो, "तुमचा टेंट गळतो." बऱ्याचदा पाऊसच झालेला नसतो! चार जणांच्या श्वासातली वाफ रात्रभर गार कापडावर जमते, तेच पाणी. थंडी वाजते म्हणून सगळ्या खिडक्या बंद केल्या की हे होणारच. वरच्या जाळ्या उघड्या ठेवा.

आता हे मात्र गंमतीत घेऊ नका. टेंटच्या आत, त्याच्या पुढच्या पडवीतसुद्धा, स्टोव्ह, शेगडी, कोळसे, गॅसचा हीटर काहीही पेटवायचं नाही. विझत आलेले निखारे ऊब म्हणून आत आणायचे नाहीत. त्यातनं कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, झोपेतच माणूस जातो. पाऊस असो की थंडी, स्वयंपाक बाहेर. आणि विजा कडाडायला लागल्या तर टेंटमधे थांबू नका, गाडीत जाऊन काचा लावून बसा.

गॅसचं एक सांगायचं राहिलं. साधं ब्युटेनचं सिलेंडर 0 डिग्रीच्या आसपास वायूच सोडत नाही, स्टोव्ह फुरफुरतो नि बंद पडतो. थंडीच्या ठिकाणी जाणार असाल तर तसं सांगा, प्रोपेन मिसळलेलं देतो.

पाणी पिणं नि स्वयंपाक मिळून माणशी दिवसाला 3-4 लिटर धरा, उन्हाळ्यात जास्तच. ओढ्याचं पाणी वापरायचं तर खळखळून उकळी आल्यावर 1 मिनिट, 2,000 मीटरच्या वर असाल तर 3 मिनिटं ठेवा. आइसबॉक्समधे बर्फाचे छोटे तुकडे पटकन वितळतात, त्यापेक्षा पाण्याच्या बाटल्या गोठवून घाला, नंतर तेच पाणी प्यायला होतं.

मुलांचे कपडे एकेका दिवसाचे वेगळ्या पिशवीत भरा, म्हणजे एक मोजा शोधायला सगळी बॅग उपसावी लागत नाही. रोजची औषधं, ओआरएस, बँडेज, थर्मामीटर, काटा काढायचा चिमटा एका डब्यात. प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिट्टी, हरवलं तर जागचं हलायचं नाही आणि तीन-तीनदा वाजवायची, हे घरीच दोनदा करून घ्या.

परत देताना टेंट ओला असेल तर ओला आहे म्हणून सांगा, आम्ही ओरडत नाही. गुपचूप घडी घालून दिला आणि आम्ही तसाच मांडणीवर ठेवला तर दोन दिवसांत त्याला बुरशी धरते आणि तो वास मग जात नाही. चिखल नुसत्या पाण्यानं पुसा, साबण नको, वॉशिंग मशीन तर अजिबात नको. आणि खुंट्या मोजा. आम्ही 16 देतो आणि परत येतात 13, उरलेल्या तीन गवतात कुणाच्या तरी पायाची वाट बघत असतात.